संकासुराची दुसरी खेप

हरिश्चंद्र घवाळीला जिचा हेवा वाटणार नाही अशी वस्तू धामणवाडीत शोधूनही सापडली नसती. शेजारच्या फणसाला बुंध्यापासून फणस धरले की याच्या पोटात दुखायचं. कुणाच्या म्हशीला रेडी झाली, कुणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी टिकलं, कुणाच्या मुंबईच्या मुलाने गणपतीला येताना मिक्सर आणला, की त्या दिवशी याचं जेवण कमी. एकदा वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयताला पाच गावची माणसं लोटली. स्मशानातून परत आल्यावर अंगावर पाणी घेता घेता हा बायकोला म्हणाला, "माज्या टायमाला एवढी माणसं येतील काय गो?" आनंदीने कपाळाला हात लावला. मेल्यावर तरी लोकांचं बघू नको, म्हणाली.

बरं, माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाटोळं व्हावं असं त्याने कधी मनातही आणलं नाही. शेजाऱ्याचा फणस वाळावा असं त्याला वाटत नसे. तो आपल्या कुंपणाच्या आत उगवायला काय झालं होतं, एवढंच त्याचं म्हणणं. हेवा करायलाही माणसाला दुसऱ्याकडे नीट बघावं लागतं, आणि धामणवाडीकडे हरिश्चंद्राइतकं नीट बघणारा दुसरा कोणी नव्हता. कुणाच्या घरात काय चांगलं झालं ते त्याला घरधन्याच्या आधी कळायचं.

या दुखण्याचं मूळ होतं त्याचा मोठा भाऊ दीपक. दीपक गोरा, नाकीडोळी नीटस. हा काळा, तव्याच्या बुडासारखा. एका आईच्या पोटची दोन पोरं, पण घरी पाहुणा आला की बिस्किटाचा पुडा थोरल्याच्या हातात आणि "हा पण तुमचाच का?" हा प्रश्न धाकट्यासाठी. शिमग्याला नमनाचे खेळ करणाऱ्या गावच्या मंडळाने दीपकला कृष्ण केला. कृष्ण सावळा असं गवळणीत गळा काढून गायचं आणि मुकुट मात्र गोऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवायचा, ही धामणवाडीची जुनी रीत. तिच्यात काही चुकतंय असं कुणाला कधी वाटलं नाही. त्याच साली संकासुराचं सोंग घेणारा म्हातारा गुडघ्याने बसला. नवा कोण करायचा म्हणून शोधाशोध चालली होती, तेव्हा मंडळाच्या त्या वेळच्या बुवांनी हरिश्चंद्राकडे बोट केलं. म्हणाले, "ह्यालाच घ्या. काजळी तरी वाचंल."

सगळे हसले. दीपकही हसला. हरिश्चंद्र तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता.

संकासुर म्हणजे नमनातलं काळं सोंग. डोक्यापासून घोट्यापर्यंत काळा झगा, वर उंच निमुळती टोपी, तोंड झाकणारा काळा मुखवटा, लालभडक जीभ, छातीवर तागाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात दोर. उघडे राहतात ते फक्त हात आणि पाय. त्यांना भाताच्या टोपाच्या बुडाची काजळी खोबरेल तेलात खलून लावतात. पोरं त्याला बघून आईच्या मागे दडतात, आणि त्याच आया नवस फेडायला तान्ही मुलं त्याच्या मांडीवर आणून ठेवतात. पहिल्या शिमग्याला हरिश्चंद्र त्या झग्यात शिरला आणि ज्या बायका त्याला "काळ्या, पाणी भर" म्हणायच्या, त्यांनीच वाकून त्याच्या पायाला हात लावला. झग्याच्या आत त्याला रडू आलं. बाहेर कुणाला काय दिसणार? त्या दिवसापासून संकासुर त्याचा झाला. दीपक मुंबईला गेला, पोट सुटलं, टक्कल पडलं, कृष्ण तीनदा बदलला. संकासुर बदलला नाही. जगातली ही एकच गोष्ट होती जिच्यासाठी हरिश्चंद्राला दुसऱ्याकडे बघावं लागत नव्हतं. उलट दुसरे त्याच्याकडे बघत.

अशा माणसाच्या गावात सोमा आला.

त्याचं खरं नाव चिसोमो. आफ्रिकेतल्या मलावीचा. तिकडे समुद्राएवढं तळं आहे आणि त्याच्या बापाची त्या तळ्यावर होडी आहे, म्हणून पोरगा माशांचं शिक्षण घ्यायला रत्नागिरीच्या मासळीच्या कॉलेजात आला होता. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ, म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, त्यांची मुलगी तेजस्वी त्याच वर्गात. दिवाळीच्या सुट्टीत पोराने हॉस्टेलवर एकट्याने काय बसायचं, म्हणून ती त्याला घरी घेऊन आली. धामणवाडीच्या तोंडात चिसोमो बसेना, त्याचा दुसऱ्याच दिवशी सोमा झाला.

पहिल्यांदा गाव जरा खट्टू झालं. आफ्रिकेचा म्हणजे ताडमाड असणार अशी सगळ्यांची समजूत, आणि हा निघाला हरिश्चंद्राएवढाच, बुटका आणि रुंद खांद्यांचा. पोरं त्याच्या केसांना हात लावून पळत. बायका खिडकीतून बघत. नमनाच्या तालमीला त्याला नेलं तेव्हा त्याला न विचारताच त्याच्या मांडीवर मृदंग ठेवला गेला. यांच्या रक्तातच ताल असतो, असं राजाभाऊंनी सर्वांना समजावून सांगितलं. सोमा नको नको म्हणत होता, पण पाहुण्याचं ऐकतो कोण. शेवटी त्याने मृदंगावर दोन थापा मारल्या आणि सगळ्यांना कळलं की या पोराच्या रक्तात ताल वगैरे काही नाही. आपण घरी फक्त होडीचं इंजिन वाजवतो, असं त्याने मोडक्या मराठीत सांगितलं. तालीम खो खो हसली. सर्वांत मोठ्याने हसला तो हरिश्चंद्र. त्याला त्या रात्री झोप छान लागली.

पण ते सुख टिकलं नाही. सोमा दर शनिवारी येऊ लागला. नमन बघता बघता पावलं टाकू लागला, आणि त्याचे हात जेवढे आडमुठे तेवढेच पाय शहाणे निघाले. मेसमधल्या मावशीकडून त्याने मराठी उचलली होती; तो "वाईच पाणी द्या" म्हणाला की सगळी वाडी कौतुकाने माना डोलवी. हरिश्चंद्र म्हणायचा, मी पन्नास वर्षं मराठी बोलतोय, मला कधी कुणी शाबासकी दिली? आनंदीने एकदा सोमाला जेवायला बसवलं आणि सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली. हरिश्चंद्राच्या ताटात शेपटी आली. ती शेपटी त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली.

मग रत्नागिरीच्या नाट्यगृहात नमन महोत्सव ठरला. सगळ्या जिल्ह्यातली मंडळं, बक्षिसं, वर्तमानपत्रवाले. राजाभाऊंनी देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली, घसा साफ केला आणि आपण एक नवीन कल्पना काढली आहे असं सांगितलं. या वर्षी संकासुर सोमा करणार. परदेशातला विद्यार्थी आपल्या मातीतलं सोंग घेतो म्हटल्यावर फोटो पहिल्या पानावर. शिवाय हा मान आहे, आपण पाहुण्याला मान देतोय. मुखवटाही नको, दाढी तेवढी लावू, तोंड उघडंच राहू दे, म्हणजे लोकांना दिसेल. एवढं बोलून गुरुजी प्रेमाने सोमाकडे वळले.

"तुला काजळीसुद्धा नको रे," ते म्हणाले.

सगळे हसले. कुणाच्या हसण्यात वाईट भाव नव्हता. तसा तो त्या जुन्या बुवांच्या हसण्यातही नव्हता. सोमाही थोडं हसला, खाली बघून.

हरिश्चंद्राच्या मात्र टाळूपासून तळपायापर्यंत आग गेली. माझा संकासुर! एवढाच आवाज त्याच्या कानात घुमत होता. पण "माझा संकासुर मला द्या" असं भर सभेत म्हणणं बरं दिसत नाही, एवढी अक्कल त्याला रागातही होती. म्हणून हाताला लागलं ते हत्यार त्याने उचललं.

"राजाभाऊ, तुमी गुरुजी ना?" तो उभा राहून म्हणाला. "काला हाय म्हून काला सोंग देतांव त्याला? आनी वर मान म्हंतांव? कुनी तुमच्या तेजस्वीला सांगितलं, तू ठेंगणी हायेस तर तू बेडूक हो, तर चालंल तुमाला?"

तेजस्वी ताडकन उठली आणि काका बोलतात ते शंभर टक्के खरं आहे, मलाच हे आधी सुचायला हवं होतं, असं बापाला तोंडावर म्हणाली. राजाभाऊंचा चेहरा पडला. शाळेत चाळीस पोरांसमोर ज्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं ते गुरुजी सोमापुढे हात जोडून उभे राहिले. माझ्या ध्यानात आलं नाही रे बाबा, म्हणाले. संकासुर हरिश्चंद्रच करील असं ठरून बैठक उठली.

घरी येताना हरिश्चंद्र शीळ घालत होता. आनंदीने दारातच विचारलं, आज त्या पोराचा एवढा कळवळा कुठून आला? तो म्हणाला, न्यायाची गोष्ट आहे. ती म्हणाली, सुरमईच्या वेळी कुठे गेला होता न्याय? त्याने शीळ बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा हातात केळ्यांचा घड घेऊन त्याच्या घरापुढच्या खळ्यात हजर. हरिश्चंद्र गोठा झाडायला निघाला होता, त्याला पळायला जागा उरली नाही.

"काका, काल तुम्ही एकटे बोललात," सोमा म्हणाला. "इथे दोन वर्षं झाली, माझ्यासाठी असं कोणी बोललं नाही."

माणसाने शिव्या दिलेल्या परवडतात. हरिश्चंद्राला ती केळी निखाऱ्यासारखी वाटली. बस, चहा घे, असं काहीतरी पुटपुटून त्याने ती खाली ठेवली. पण सोमाचं बोलणं संपलं नव्हतं. त्याला तो संकासुर हवाच होता, असं तो हळूच म्हणाला. हे ऐकलं मात्र आणि हरिश्चंद्राचा विरघळू लागलेला जीव पुन्हा टणक झाला. बघा, म्हणजे केळी उगाच नाहीत.

"मग काल गप का बसलास?"

"तसा नको होता. तोंड उघडं टाकून नको." सोमाने शब्द जुळवायला वेळ घेतला. "आमच्या गावी पण सोंगं आहेत. आत कोण आहे ते विचारायचं नसतं. माझा मामा आत असायचा बहुतेक. मी कधी विचारलं नाही. एक मुखवटा लाल तोंडाचा आहे, गोऱ्या साहेबाचा. तो आमचा काळा माणूस घालतो. खरा साहेब आला तर त्याला नाही देणार. त्याने घातला तर ते सोंग कसलं, तो साहेबच."

हरिश्चंद्र ऐकत होता. एवढी सरळ गोष्ट त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

"मी स्टँडवर उतरलो की सगळे बघतात," सोमा म्हणाला. "रिक्षावाला बघतो, शाळेची पोरं बघतात, भाजीवाली बघते. रागाने नाही. पण बघतात. मला एकदा असं उभं राहायचंय काका, की सगळे बघतील आणि मी कुणाला दिसणार नाही."

कोंबड्या केळ्यांपाशी आल्या होत्या, त्यांना हाकलायचं हरिश्चंद्राला सुचलं नाही. झग्याच्या आत रडणारं ते मिसरूड फुटलेलं पोर त्याला आठवलं. हे सुख आपल्या एकट्याचं आहे असं तो समजत होता. आता त्यातही वाटेकरी निघाला, याचं त्याला आधी वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटल्याची लाज वाटली.

शेवटी त्याच्या मनाने त्याला पटेल अशी वाट काढून दिली. धामणवाडीच्या नमनात संकासुर दोन खेपा येतो, एकदा गवळणीआधी आणि एकदा अखेरीला. दुसरी खेप सोमाला दिली तर? हातापायांना काळे मोजे घातले की कुणाच्या बापाला कळणार नाही. पोराचं मन राहील आणि नाव आपलंच होईल. हा शेवटचा मुद्दा त्याला फार आवडला.

"दुसरी खेप तुजी," तो म्हणाला. "पन कुनाला बोलायचं नाय. माज्या बायकोलापन नाय."

"विचारायचं नसतं," सोमा म्हणाला.

महोत्सवाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. पहिली खेप हरिश्चंद्राने नेहमीसारखी केली. दोर आपटला, पोरं किंचाळली, टाळ्या पडल्या. मग वग चालू असताना रंगपटाच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोघांनी दार लावून घेतलं. लघवीला जातो म्हणून सोमा तेजस्वीच्या शेजारून उठून आला होता. हरिश्चंद्राने स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला घुंगरांचा पट्टा बांधला. आजवर तो पट्टा त्याने दुसऱ्याच्या कमरेला बघितलाच नव्हता. पोरं मांडीवर दिली तर डोक्यावर हात ठेवायचा आणि परत द्यायचं, एवढं सांगून त्याने सोमाला पुढे ढकललं, आणि स्वतः बनियनवर विंगेच्या अंधारात उभा राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने संकासुर बाहेरून बघितला.

सोमा सुरुवातीला त्याचीच पावलं टाकत होता. मग मृदंग चढला आणि त्याने खाली बसून एका पायावर अशी गिरकी घेतली की झगा जमिनीलगत गोल फुलला, पांढरी दाढी हवेत आडवी झाली, घुंगरं एकदम गप्प झाली आणि तो थांबल्यावर सगळी मिळून एकदाच वाजली. नाट्यगृहातून शिट्ट्या आल्या. हरिश्चंद्राने विंगेचा पडदा मुठीत आवळला. मेल्या, हे मला का नाही सुचलं, असं त्याच्या मनात आलं. इतका चोख, इतका जळजळीत हेवा त्याला शेजाऱ्याच्या फणसाचाही कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई तान्हं मूल घेऊन रंगमंचाच्या पायऱ्या चढली आणि तिने ते संकासुराच्या मांडीवर ठेवलं. सोमाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. परत द्यायचं होतं, पण त्याने ते लगेच दिलं नाही. तो मुलाला नुसता धरून बसला. मृदंगवाला वळून बघायला लागला. बाईही अडखळली. झग्याच्या आत काय चाललंय ते त्या भरल्या नाट्यगृहात एकट्या हरिश्चंद्राला माहीत होतं, आणि त्याने पडदा सोडून डोळे पुसले.

नमन संपलं. राजाभाऊंनी धावत येऊन हरिश्चंद्राला मिठी मारली. दुसऱ्या मंडळांचे बुवा येऊन पाठ थोपटून गेले. वर्तमानपत्रवाल्याने त्याच्या तोंडापुढे मोबाईल धरून ती गिरकी कुठे शिकलात म्हणून विचारलं, तेव्हा हा नुसता घाम पुसत राहिला. सोमा एव्हाना शर्ट-पँटमध्ये तेजस्वीजवळ उभा होता. राजाभाऊंनी त्याला पुढे ओढलं आणि बघितलंस, याला म्हणतात मुरलेला माणूस, असं बजावलं.

"हो," सोमा गंभीरपणे म्हणाला. "काका फार चांगले नाचले."

परतीच्या टेम्पोत आनंदी शेजारी बसली होती. आज तिचा आवाज वेगळाच लागला होता. "दुसऱ्या खेपेला काय हलका नाचलास," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून बगतेय, असा नाय नाचलास कदी."

"आनी पयल्या खेपेला?"

"पयल्या खेपेला नेहमीसारकाच."

हरिश्चंद्र बाहेर बघत बसला. गावातल्या प्रत्येकाचा हेवा करून झाला होता. आता स्वतःचाच हेवा करायची पाळी आली होती. नाव आपलं होईल असा हिशेब केला होता, तो तंतोतंत खरा झाला, आणि ते नाव दुसऱ्याच्या चपलेसारखं टोचत होतं. खरं सांगून टाकावं असं हातखंब्याच्या फाट्यापर्यंत त्याच्या अनेकदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर सोमा पुन्हा सगळ्यांना दिसला असता. त्याने तोंड उघडलं नाही. हरिश्चंद्राला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड होतं ते.

शिमगा जवळ आला तशी खरी पंचाईत झाली. पाणवठ्यावर, दुकानात, देवळात, जो भेटेल तो म्हणे, हरिश्चंद्र, यंदा घरोघर ती रत्नागिरीची गिरकी बघायचीय. पोरांनी तर पैजा लावल्या. हा रोज संध्याकाळी गोठ्यामागे जाऊन गिरकी घालायचा आणि रोज पेंढ्यात पडायचा. म्हैस रवंथ करत त्याच्याकडे बघायची. शेवटी एका शुक्रवारी कंबर धरून तो आत आला, मोबाईल काढला आणि रत्नागिरीला फोन लावला.

"सोमा, ती गिरकी डाव्या पायावर की उजव्या रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा खळ्यात उभा होता. त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भर उन्हात, उघड्या तोंडाने, सारवलेल्या जमिनीवर ती गिरकी घातली. आनंदी चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली. तिने एकदा सोमाच्या पायांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं. पुढे आली आणि पहिला कप तिने सोमाला दिला.

हरिश्चंद्राला ते लागलं. लागणारच.

"परत घाल," तो सोमाला म्हणाला, "आनी सावकाश घाल. मना पाय दिसू देत."